बाळाच्या खोलीत कापराची रिफिल लावू नका

परवा बहिणीकडे गेले. सात महिन्यांच्या भाच्याच्या पाळण्याशेजारी डास पळवायच्या मशीनला जुन्याच रिफिलची बाटली. आत कडुनिंबाचं पिवळट तेल, तळाशी कापराचा चुरा, वात काळी पडलेली. मामींनी ग्रुपवर टाकलेला मेसेज तिने वाचला होता: रिकाम्या रिफिलमध्ये कडुनिंबाचं तेल नि कापूर भरा, एकही डास येणार नाही, शंभर टक्के नैसर्गिक, थोडं बाळाच्या अंगालाही चोळा.

अंगाला चोळा? सात महिन्यांच्या बाळाच्या? कापूर कातडीतून शरीरात जातो, आणि बाळ हात तोंडात घालतंच. कापूर पोटात गेला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात. जेमतेम 1 ग्रॅम कापराने लहान मूल दगावल्याची वैद्यकीय नोंद आहे. अमेरिकेने 1980च्या दशकात कापूरतेलाची विक्रीच बंद केली ती याच विषबाधांमुळे. हे माहीत नसेल तर निदान पुढे पाठवू तरी नका!

‘नैसर्गिक’ म्हणाल, तर देवापुढे लावतो तो कापूरही बहुतेक कारखान्यात टर्पेंटाइनपासून बनतो. आणि रिफिलची वात पातळ द्रवासाठी असते. जाड तेलाने ती चोंदते, करपते. वर कापूर पेट घेणारा.

‘एकही डास येणार नाही’ हेही खोटं. 2002 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासावरची चाचणी छापून आली. सुमारे 24 टक्के डीट (डास पळवणारं रसायन) असलेलं अंगाला लावायचं औषध पाच तास टिकलं, सिट्रोनेलाची, म्हणजे सुगंधी गवताच्या तेलाची, ‘नैसर्गिक’ उत्पादनं बहुतेक वीस मिनिटंही नाहीत. शिवाय एडिस दिवसा चावतो, आणि आपण मशीन लावतो रात्री.

एक मान्य करते. खोबरेल तेलात 2 टक्के कडुनिंबाचं तेल मिसळून अंगाला लावल्यावर मलेरियाचे डास रात्रभर दूर राहिल्याचं भारतातल्या चाचण्यांत दिसलंय. पण ते अंगाला लावायचं तेल होतं, वातीवर तापवायचं नव्हे, आणि त्यात कापूर नव्हता. लिंबाच्या वासाच्या निलगिरीचा अर्कही चांगला चालतो, पण तोसुद्धा 3 वर्षांखालच्या मुलांना लावू नका असं अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसी सांगते. वनस्पतीपासून केलं म्हणून तान्ह्या बाळाला चालतं, असं कोणी सांगितलं?

बाटली मी तिथल्या तिथे काढली. पाळण्यावर मच्छरदाणी लावली. मग गॅलरीत गेले, तर तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलेलं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. ते ओतलं, ताटली घासली.