मावशीचा आवाज आणि तो ‘हार्मोन’वाला फॉरवर्ड

तासगावच्या मावशीचा आवाज दसऱ्यापासून घोगरा आहे. आधी म्हणाली, छाटणीच्या मजुरांना हाका मारून बसला असेल. आता दोन महिने होत आले आणि काल तिनेच मला बचत गटावरचा फॉरवर्ड पाठवला: ‘पन्नाशीनंतर बाईचा आवाज बसतो तो हार्मोन संपल्यामुळे. तपासणी नको. स्त्री-हार्मोनमुळे बायकांना स्वरयंत्राचा कॅन्सर होत नाही. दुर्बीण घातली की गाठ पसरते.’ खाली चूर्ण मागवायचा नंबर.

आवाजाचा हार्मोनशी संबंध आहे, तेवढं मान्य. वयात येताना टेस्टोस्टेरॉनमुळे मुलांचं स्वरयंत्र वाढतं आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो. पाळी गेल्यावर काही बायकांचा घसा कोरडा पडतो, आवाज जरा जाड होतो. पण तो बदल हळूहळू होतो. दसऱ्याला बसलेला आवाज त्याच्या माथी मारू नका.

‘बायकांना कॅन्सर होत नाही’ हे वाचून मात्र डोकं फिरलं. पन्नाशीत हार्मोन संपतं म्हणता, मग तेच हार्मोन पन्नाशीच्या बाईला वाचवणार कसं? पुरुषांत हा कॅन्सर जास्त दिसतो, त्याचं मोठं कारण विडी-सिगारेट आणि दारू. गाठींतल्या हार्मोन-ग्राहकांवर, म्हणजे पेशीत हार्मोन जिथे चिकटतं त्या जागांवर, संशोधन झालंय, पण निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. बायकांनाही हा कॅन्सर होतो. आणि आमची मावशी तीस वर्षं रोज सकाळी मिश्री लावते. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तंबाखूने तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर होतो, आणि अन्ननलिकेतली गाठ स्वरतंतूंच्या नसेवर दाबली तरी आवाज बसतो. दोन महिने चूर्ण खात बसायचं हे वय आणि ही सवय नव्हे.

दुर्बिणीने गाठ पसरत नाही. बारीक नळी नाकातून घालून स्वरतंतू नुसते बघतात, काही मिनिटांचं काम. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१८ची मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहे: चार आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर स्वरयंत्र बघा, आणि गंभीर कारणाची शंका असेल तर तेवढंही थांबू नका.

चूर्णात काय आहे ते पाकिटावर लिहिलेलंच नाही. पुरुषी हार्मोन पोटात गेलं तर बाईचा आवाज कायमचा जाड होऊ शकतो, एवढं मावशीला फोनवर सांगितलं. पाकीट तिने ठेवून दिलंय. सोमवारी तिला मिरजेला घेऊन जातेय.