पाण्यातली म्हैस आणि डबल-एमधला शॉर्टस्टॉप

बेसबॉलचा साधा चाहता होणं अगदी सोपं आहे. टोपी घालायची, तिकीट काढायचं, सातव्या इनिंगला उभं राहून हातपाय मोकळे करायचे. पण ज्याच्यापुढे मंडळाच्या पिकनिकला कोणाची तोंड उघडायची छाती होत नाही, असा जाणकार व्हायचं असेल तर सामने बघून भागत नाही. सामने शक्यतो बघूच नयेत. मोसमाला १६२ असतात, वेळ जातो, आणि बघता बघता आपलं मत बदलण्याची भीती असते. जाणकाराचं काम वेगळं. शेजाऱ्याच्या संघाकडे वर येऊ घातलेली पोरं कशी कुचकामी आहेत आणि त्याचं फ्रंट ऑफिस, म्हणजे संघ चालवणारी कचेरी, कसं गाढवांनी भरलंय, हे त्या शेजाऱ्याला त्याच्याच घरी जेवता जेवता ऐकवायचं. न्यू जर्सीत हे शिक्षण फुकट मिळतं. इथे एकाच गल्लीत न्यूयॉर्कचे यँकीज आणि मेट्स, फिलाडेल्फियाचे फिलीज असे तीन पंथ नांदतात, आणि लाँग वीकेंडला बॉस्टनचे पाहुणे आले की चौथा, रेड सॉक्सचा. नुकताच माझा एक अख्खा रविवार या विद्येत गेला. म्हटलं, एकट्याकडेच कशाला ठेवायची?

तर आधी २० ते ८०ची पट्टी पाठ करा. स्काउट मंडळी पोरांना याच पट्टीवर मोजतात. ५० म्हणजे मोठ्या लीगमधला सरासरी खेळाडू. शून्यापासून का नाही, शंभरापर्यंत का नाही, असं विचारायचं नाही. विचारणारा नवखा ठरतो. आपल्या फार्ममधल्या, म्हणजे संघाच्या खालच्या लीगांत तयार होणाऱ्या, पोराला ६०च्या खाली येऊ द्यायचं नाही आणि त्यांच्या पोराला ४५च्या वर जाऊ द्यायचं नाही. ‘आर्म ठीक आहे हो, पण हिट टूल चाळीसच’ (म्हणजे फेक बरी, फटका कच्चा) हे वाक्य पुरी मोडता मोडता, मान वर न करता म्हणता आलं पाहिजे. ‘तुम्ही त्याला खेळताना पाहिलंय का?’ असं कोणी विचारलंच, तर त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघा. पाण्यात म्हैस आणि वर मोल ही आपली जुनीच रीत आहे. इथे म्हैस ॲरिझोनात डुंबते आणि मोल जर्सीतल्या एडिसनमध्ये होतं, एवढाच फरक.

त्यांच्या पोराचं नाव कधीही नीट उच्चारू नका.

इतिहास मात्र दांडगा हवा, आणि तो दुसऱ्याचा हवा. रेड सॉक्सच्या माणसाला यँकीजना विकलेल्या बेब रूथवरून टोचण्यात अर्थ नाही. ते १९२०चं झालं, त्यावर त्यांची कातडी निबर झालीय. त्याला १९९० विचारा. ऐन शर्यतीत एक रिलीव्हर, म्हणजे मधेच येणारा बदली पिचर, कमी पडत होता म्हणून त्यांनी लॅरी अँडरसनला आणलं. त्याने २२ इनिंग टाकल्या आणि मोसम संपल्यावर तो चालता झाला. बदल्यात ह्यूस्टनला जो डबल-एमधला (मोठ्या लीगच्या दोन पायऱ्या खालचा) पोरगा दिला तो जेफ बॅगवेल, जन्म बॉस्टनचाच, आज हॉल ऑफ फेममध्ये. यँकीजवाला समोर असेल तर १९९१ काढा. अख्ख्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीत, पहिला उचललेला ब्रायन टेलर, १५ लाख ५० हजार डॉलर मोजून घेतलेला. एका मारामारीत खांदा निकामी करून बसला आणि मोठ्या लीगचं तोंडही त्याने पाहिलं नाही. मेट्सवाल्यासाठी एवढे कष्ट नकोत. त्याला नुसतं ‘१ जुलै’ म्हणा. त्यांचा जुना खेळाडू बॉबी बोनिया कधीच घरी बसला, पण त्याला २०३५पर्यंत दर वर्षी त्या तारखेला जवळजवळ १२ लाख डॉलर जाणार आहेत. मेट्सवाला पुढचं ताट गपगुमान संपवतो.

पुढे दिग्गज ठरलेला आल्बर्ट पुहोल्स १९९९च्या ड्राफ्टमध्ये ४०२वा निवडला गेला आणि तसाच दिग्गज माइक पियाझा १९८८ साली ६२व्या फेरीत, हे मात्र चुकूनही बाहेर काढू नका. रडारगन घेऊन मोटेलांत आयुष्य काढलेल्या पगारी स्काउटांचं तिथे हसं झालं होतं. आपण तर सोफ्यावर बसून सांगतोय.

पैशाच्या बाबतीत हात सैल सोडा. आयजीच्या जिवावर बायजी उदार व्हायला कोण अडवतंय? मेट्सनी हुआन सोटोला १५ वर्षांचे ७६.५ कोटी डॉलर दिले, तर ‘अक्कल गहाण टाकली’ म्हणायचं. आपल्या मालकाने कोणाला दिले नाहीत, तर ‘मेला कंजूष’ म्हणायचं. एकाच दमात दोन्ही. चार डॉलरचं कूपन घरी राहिलं म्हणून दुकानाच्या दारातून गाडी वळवणाऱ्या गृहस्थांनी मला, बॉस्टनने घालवलेल्या मूकी बेट्सला पुढे लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी दिले तेवढे ३६.५ कोटी बॉस्टनने का दिले नाहीत, यावर फैलावर घेतलंय. जसा काही मी खजिनदार होतो. बेट्स घालवला ही घोडचूकच, त्यात दुमत नाही. पण बदल्यात आलेल्यांपैकी एकाचं नाव होतं जीटर डाउन्स, चक्क यँकीजच्या डेरेक जीटरवरून ठेवलेलं! बॉस्टनकराला छळायला एवढं पुरे होतं, वर डॉलर कशाला मोजत बसायचे?

‘जनरल मॅनेजरला हाकला’ असं दर सोमवारी म्हणत जा. यँकीजचे ब्रायन कॅशमन १९९८पासून खुर्चीवर आहेत, तेव्हा विषय संपायची भीती नाही.

आता मुख्य हत्यार. निर्णय बरोबर की चूक हे निकाल लागल्यावरच ठरवायचं, पण ठरवताना ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ असं म्हणायचं. यात आमच्या ओळखीतल्या यँकीजवाल्या काकांचा हात धरणारा कोणी नाही. २०२१च्या हिवाळ्यात कोरी सीगर बाजारात होता आणि यँकीजना शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) हवाच होता. तेव्हा काका म्हणत होते, ‘सीगरबिगर नको, आपला व्होल्पी येतोय.’ अँथनी व्होल्पी इथल्याच वॉचंगला वाढलेला, म्हणजे घरचंच कार्य. सीगर टेक्सासला गेला. २०२३मध्ये व्होल्पीला क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह मिळाला तेव्हा काका म्हणाले, ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ त्याच आठवड्यात सीगर टेक्सासला वर्ल्ड सिरीज जिंकून देऊन तिचा मानकरी ठरला होता, पण ती बातमी काकांपर्यंत पोचली नसावी. मग २०२५ आलं. खांदा दुखावलेला व्होल्पी चुकांमागून चुका करायला लागला आणि काकांना साक्षात्कार झाला: ‘सीगरला सोडला तेव्हाच मी ओळखलं होतं, या कॅशमनला काही कळत नाही.’ ओळखलं होतं! अहो काका, मी तिथेच होतो. तुमच्याच बेसमेंटमध्ये, तुमच्याच चिवड्यासमोर. तुम्ही काय म्हणालात ते माझ्या कानांनी ऐकलंय.

आणि बॉस्टनचे काका काही कमी नाहीत. त्यांचं दुःख म्हणजे त्यांच्या संघाचा फटकेबाज राफेल डेव्हर्स. १५ जून २०२५, यँकीजना बॉस्टनच्या फेनवे मैदानावर तीनही सामन्यांत लोळवलेलं, काका ढगात. संध्याकाळी बातमी आली, डेव्हर्स सॅन फ्रान्सिस्कोला. काय झालं, कोणाचं चुकलं, फर्स्ट बेसवर खेळायला त्याने नकार दिला तो घोळ कोणी घातला, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी पुन्हा उगाळत नाही. पण बदल्यात आलेल्यांत जेम्स टिब्स नावाचा एक पोरगा होता. आल्याबरोबर काकांनी निकाल दिला, ‘हा फार तर चौथा आउटफिल्डर.’ जुलैच्या अखेरीस बॉस्टनने त्याला पुढे डॉजर्सकडे धाडलं, तर काका म्हणे, ‘हिरा घालवला!’ मधल्या काळात काकांनी त्याला एकदा तरी बॅटिंग करताना बघितलं होतं का? नाही. बॉक्स स्कोअर बघितले होते, तेही पान लावता लावता. तो पोरगा मात्र दोन महिन्यांच्या आत तीन संघांच्या टोप्या घालून मोकळा झाला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. ‘बाबा रे, सामान उचलतोस का’ एवढंही नाही.

हे सगळं कुठे चाललं होतं सांगू? सत्यनारायणाच्या पूजेत. एका हातात मसालेभात, दुसऱ्या हातात फोन, फोनवर होतकरू पोरांच्या टॉप हंड्रेडची यादी. आरती सुरू झाली तरी यांचं चालूच. टाळ्या वाजवायला हात मोकळे नाहीत. तेही मी सोडून दिलं असतं.

यजमानांचा मुलगा नववीत आहे, शाळेच्या संघात सेकंड बेस खेळतो. बॉस्टनच्या काकांनी त्याला हाक मारली. मला वाटलं कौतुक करतायत. म्हणाले, ‘जरा स्विंग करून दाखव बघू.’ पोरगा लाजला, मग समईपासून लांब जाऊन, दोन्ही मुठी एकावर एक धरून त्याने हवेत बॅट फिरवली. दोन्ही काकांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दिवसभरात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं. ‘बॅट स्पीड नाही.’ ‘सीलिंग म्हणाल तर कॉलेजचा बेंच.’ मागे त्याची आई शिऱ्याचं भांडं घेऊन उभी. पोरगा ‘हो काका’ म्हणाला, कसंनुसं हसला आणि वर खोलीत गेला. जेवायला खाली आला नाही.

चौदा वर्षांचा आहे तो, काका. त्याच्या घरी तुम्ही जेवायला आला होतात.

तेव्हा आता उपरोध वगैरे बाजूला ठेवतो आणि सरळच बोलतो. हा तुमचा चाळा पूजेपुरता नाही. पिचर कॅम श्लिटलर मॅसॅच्युसेट्समधल्या वॉलपोलचा, कॉलेज बॉस्टनचं. २०२२च्या ड्राफ्टमध्ये तो सातव्या फेरीपर्यंत शिल्लक होता. बॉस्टनचे काका, तुमच्या अंगणातला पोरगा, तुमच्या फ्रंट ऑफिसलाही दिसला नाही आणि तुम्हालाही. यँकीजनी उचलला. २ ऑक्टोबर २०२५ला त्याने बॉस्टनविरुद्ध ८ इनिंगमध्ये १२ स्ट्राइकआउट घेतले, एकही धाव दिली नाही, आणि तुमचा मोसम तिथे संपला. त्याआधी बॉस्टनच्या चाहत्यांनी त्याच्या घरच्यांना ऑनलाइन गाठून मर्यादा सोडली होती, हे त्यानेच सामन्यानंतर सांगितलं. घरच्यांना! त्यांनी काय तुमचा ट्रेड अडवला होता?

आणि तुम्ही, जर्सीचे काका. ब्रिजवॉटरला बालाजीच्या दर्शनाला नेमाने जाता ना? त्याच गावात सॉमरसेट पेट्रियट्स खेळतात, तुमच्या यँकीजची डबल-ए टीम. व्होल्पी तिथून वर गेला, जॅसन डोमिंगेझ तिथून वर गेला. कधी गाडी तिकडे वळवलीत? मी मुलीला घेऊन गेलोय. सामन्याआधी पोरं कुंपणापाशी सह्या द्यायला येतात. त्यातल्या एकाने तिचा बॉल हातात घेतला तर पेन उमटेना, तेव्हा त्याने ते आपल्या बोटांवरच्या टेपवर घासून चालू केलं आणि मग सही केली. मागून एक गृहस्थ त्याला ‘ट्रेड चिप’, म्हणजे अदलाबदलीचं नाणं, म्हणून ओरडत होते, चांगले पन्नाशीचे. पोराने ऐकलं, वर बघितलं नाही. डबल-एमधल्या पोरांना २०२२पर्यंत वर्षाला १३,८०० डॉलर मिळायचे. युनियनचा करार झाला तेव्हा २०२३मध्ये ते ३०,२५० झाले. तेवढ्यात त्याने तुमच्या शिव्याही खायच्या?

फ्रंट ऑफिसवाले चुकतात, मान्य आहे, ढीगभर चुकतात. पण ते चुकले की त्यांना घरी पाठवतात. बेट्स घालवणाऱ्या बॉस्टनच्या हाइम ब्लूमना २०२३मध्ये पाठवलंच. तुम्ही दर आठवड्याला चुकता आणि दर आठवड्याला नव्या उत्साहाने येऊन बसता. तुमच्या पट्टीवर मोजायचीच हौस असेल तर आधी स्वतःच्या जुन्या भाकितांना मोजा, २०च्या वर गेलात तर कळवा. नाहीतर ब्रिजवॉटरचं तिकीट काढून नऊ इनिंग गप्प बसून बघा. तेवढंही जमत नसेल तर फोन खिशात ठेवा आणि शिरा खा.

आणि त्या मुलाला फोन करून माफी मागा, दोघांनीही, आजच्या आज. घरचा नंबर आहे तुमच्याकडे. फोन बहुधा त्याची आई उचलेल आणि आधी तुम्हाला तिचं ऐकून घ्यावं लागेल. घ्या ऐकून.