महोत्सव तालुक्याच्या गावी कधी येणार?

२४ जानेवारी १९५२ रोजी मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला. आयोजन सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचं. पाहुण्यांत हॉलिवूडचे दिग्दर्शक फ्रँक काप्रा होते, वगैरे वगैरे. पण मला त्या महोत्सवाचं खरं कौतुक वाटतं ते यासाठी की तो मुंबईत आटोपला नाही, पुढे मद्रास, दिल्ली, कलकत्त्यालाही गेला. तेव्हा सिनेमा नेणं म्हणजे अक्षरशः हमाली होती. ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, म्हणजे दोन तासांचा सिनेमा तीन किलोमीटरपेक्षाही लांब. रिळांचे जड डबे त्या लोकांनी गावोगाव हलवले.

त्या डब्यांत इटलीचा 'बायसिकल थीव्ज' होता. तो पाहून बिमल रॉय भारावले आणि १९५३ मध्ये त्यांचा 'दो बिघा जमीन' आला. आपल्याकडून महोत्सवात व्ही. शांतारामांचा मराठी 'अमर भूपाळी' होता, शाहीर होनाजी-बाळाची गोष्ट सांगणारा. त्यातली 'घनश्याम सुंदरा' आजही कितीतरी घरांत सकाळी लागते. तो सिनेमा कधीच न पाहिलेल्या माणसांनाही ती पाठ असते. महोत्सवातला सिनेमा आणि स्वयंपाकघरात ऐकू येणारं गाणं यांत तेव्हा एवढं अंतर नव्हतं.

आज आहे, आणि ते मला मनापासून खुपतं.

आता तर अख्खा सिनेमा एका हार्ड डिस्कमध्ये मावतो. तरी २००४ पासून हा महोत्सव गोव्यातच भरतो, पुण्या-मुंबईचे महोत्सव पुण्या-मुंबईत. हिंगोली, गडचिरोलीच्या पोरांनी रजा, भाडं, राहण्याची सोय हे सगळं जमवून तिकडे जायचं. समजा गेलीच, तर पडद्याखाली सबटायटल्स इंग्रजीत! माझ्या मते अंतरापेक्षाही ही भिंत मोठी आहे.

माझ्या आईला इंग्रजी येत नाही. तिला घरी 'बायसिकल थीव्ज' दाखवला तेव्हा मी शेजारी बसून संवाद मराठीत सांगत होतो. नवऱ्याची गहाण पडलेली सायकल सोडवायला सिनेमातली रोमची बाई घरातल्या चादरी गहाण ठेवते. दुकानातला माणूस ते गाठोडं घेऊन मांडणीवर चढत जातो, चढतच जातो, आणि वरपर्यंत लोकांच्या चादरींचे ढीग दिसतात. तिथे मी काही सांगण्याआधीच आई म्हणाली, "आता या सुटायच्या कधी?" मंगळसूत्र गहाण पडलेलं जिने घरात पाहिलंय, तिला रोम परकं नाही. असे सिनेमे "सामान्य प्रेक्षकाला झेपत नाहीत" म्हणणाऱ्यांचा म्हणूनच मला राग येतो. झेपत नाही ती सबटायटल्सची भाषा.

आपल्याकडे जत्रेत तंबू ठोकून सिनेमे दाखवायची परंपरा आहे. दिवसभर बाजारहाट करून माणसं रात्री पडद्यासमोर मांडी घालून बसत. त्याच माणसांच्या मुला-नातवंडांना इराणचा, जपानचा सिनेमा का मिळू नये?

महोत्सव भरवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. रेड कार्पेट खुशाल घाला, पण निदान दहा सिनेमांना मराठी सबटायटल्स करून घ्या. हक्क घेतानाच जिल्ह्यातल्या खेळांची परवानगी मागा. नगरपालिकांची नाट्यगृहं अनेक दिवस रिकामी असतात, तिथे पडदा लावा, आणि खेळ रविवारी संध्याकाळी ठेवा, म्हणजे हातावर पोट असलेल्यांनाही येता येईल.