यात निसर्ग कुठे दिसतोय?

माझा विषय बायोमिमिक्री, म्हणजे निसर्गाची युक्ती उचलून वस्तू घडवणं. घाम आला की आपोआप उघडणारं कापड करतेय, त्या अकरा आठवड्यांच्या कामावर आज रिव्ह्यूत हा एकच प्रश्न आला. बोटभर लांबीची कापडाची पट्टी वाफेवर धरली, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वळून बाहेर उघडली. सरांनी ती उचलली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, "छान. पण यात निसर्ग कुठे दिसतोय? पानाचा आकार वगैरे आणता येईल का? एखादं फुलपाखरू?"

फुलपाखरू!

अहो, मी पाइनकोनवर काम करतेय. पाइनच्या झाडाचा खवल्याखवल्यांचा शंकू, तोही झाडावरून पडलेला, मेलेला. ना स्नायू, ना बॅटरी, तरी भिजला की मिटतो, वाळला की उघडतो. खवल्याला दोन थर असतात. बाहेरचा ओलाव्याने फुगतो, आतला फारसा नाही, म्हणून खवला वाकतो. १९९७ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलंय हे. मला कपड्यात नेमकं उलटं हवंय, घाम आला की झडप उघडायला हवी. म्हणून फुगणारा थर त्वचेकडे घेतला. एवढं जमायला चाळीसेक पट्ट्या वाया गेल्या. गोंद जास्त झाला की पट्टी वळतच नाही, कमी झाला की थर सुटतात. यातलं एक अक्षर कुणी विचारलं नाही. विचारलं काय, तर फुलपाखरू.

आणि तो मूडबोर्ड! विषय धड ठरलेला नसतो, तोवर मूडबोर्ड हवा, म्हणजे प्रेरणेच्या चित्रांचा फलक. दव पडलेलं पान, मोरपीस, मधमाश्यांचं पोळं. जॅकेटवर षटकोन छापले की झालं यांचं बायोमिमिक्री. पोळ्यात षटकोनामुळे मेण वाचतं, जॅकेटवर काय वाचतं? शार्कच्या कातडीच्या नावाने पोहण्याचे सूट विकले गेले. २०१२ साली हार्वर्डच्या जॉर्ज लॉडर यांनी तपासलं, तर ते कापड शार्कच्या कातडीसारखं नव्हतंच. तरी अजून प्रत्येकाच्या स्लाइडवर तो शार्क आहेच.

वेल्क्रोचंही तेच. १९४१ साली कुत्र्याच्या केसांत काटेरी बोंडं अडकली आणि स्विस इंजिनिअर जॉर्ज द मेस्त्रालना कल्पना सुचली, इथवर सगळ्यांना पाठ. अमेरिकेतलं पेटंट १९५५चं आहे, हे कुणी बोलत नाही. नायलॉनचे ते इवलेसे हूक जमवण्यात त्या माणसाची वर्षंच्या वर्षं गेली. मला मात्र पहिल्याच सेमिस्टरमध्ये "फायनल लूक" दाखवायचा आहे. सिनॉप्सिसचं, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्याचं, शीर्षक तीनदा बदलून झालं, दर वेळी माणूस वेगळा, सूचना वेगळी. मापं घेतली तर म्हणे हे इंजिनिअरिंग झालं. स्केच दाखवले तर विचारतात, डेटा कुठाय?

सोमवारपर्यंत "निसर्ग दिसेल अशी" तीन स्केचेस मागितली आहेत. मी काढणार नाही. पाइनकोन आणि पाण्याचा वाडगा घेऊन जाणार आहे. मिटायला त्याला बराच वेळ लागतो. तोवर बसावं सगळ्यांनी बघत.