रेफ्रिजरेटरमधला घुसखोर ‘डी’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, रेफ्रिजरेटरच्या स्पेलिंगवरच्या माझ्या लेखावर एवढी सविस्तर कमेंट लिहिलीत त्याबद्दल आधी थँक्यू, आता भांडायला घेतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की रेफ्रिजरेटरच्या स्पेलिंगमध्ये ‘जी’च्या आधी ‘डी’ घालणं हा निव्वळ आळस आहे, मोबाईल खाली लाल रेघ मारून सांगतो तरी लोक बघत नाहीत, मूळ लॅटिन शब्दात ‘डी’चा पत्ता नाही, आणि माझ्यासारखे लोक असल्या चुकांचे लाड करतात म्हणून पोरं बिघडतात. शेवटी विचारलंय की मग पेपरात मार्क कापायचे की नाही. त्यावर येतो, पण आधी ‘आळस’.

आळशी माणूस अक्षरं गाळतो हो, जास्तीची घालत नाही. इथे तर बिचारा एक अक्षर जादा टाइप करतोय, आणि ते आणतो कुठून तर ‘फ्रिज’मधून. फ्रिजमध्ये ‘डी’ आहे आणि तो बरोबर आहे, मग हे ज्याचं छोटं रूप त्या अख्ख्या शब्दात तो असणारच असं वाटलं तर त्यात अडाणीपणा कुठे आला?

आता फ्रिजमध्ये तो का आला ते बघा, सगळी गंमत तिथेच आहे. रेफ्रिजरेटर हा शब्द विजेच्या मशीनच्या कितीतरी आधीचा. अमेरिकेत मेरीलँडच्या थॉमस मूरने १८०३ मध्ये या नावाने पेटंट घेतलं ते बर्फ भरायच्या लाकडी पिंपाचं, सशाचं कातडं वगैरे लावलेलं, लोणी वितळू नये म्हणून. पुढे विजेवरचे आले, १९१९ मध्ये फ्रिजिडेअर हे ब्रँडचं नाव आलं (त्याचाही थोडा हात असावा असं म्हणतात), आणि मग लोकांनी हा लांबलचक शब्द बोलता बोलता कापला. बोलायला सोपं, पण लिहायचं कसं? नुसतं एफ-आर-आय-जी लिहिलं की बिग, पिग, फिगसारखं ‘फ्रिग’ वाचलं जातं, वर तसा एक असभ्य शब्द इंग्रजीत आहे म्हणजे अजून पंचाईत. शेवटी ‘ई’ लावला तर ‘ओब्लाइज’सारखं ‘फ्राइज’ व्हायची भीती. ‘जे’ अक्षर इंग्रजी शब्दाच्या शेवटी सहसा चालत नाही. सुरुवातीच्या काळात स्पेलिंगं वेगवेगळी दिसायची ती यामुळेच. शेवटी टिकलं ते ब्रिज, बॅज, लॉज, जज यांच्यात असतं ते, डी-जी-ई. आधीचा स्वर आखूड असला की ‘डी’ येतो, केज, पेज, ह्यूजमध्ये स्वर लांब म्हणून येत नाही. म्हणजे हा ‘डी’ स्वतः काही बोलत नाही, वॉचमनसारखा नुसता उभा असतो, आधीच्या ‘आय’ला लांबू देत नाही.

अख्ख्या शब्दात त्याची गरजच नाही, कारण तिथे शब्द ‘जी’पाशी संपत नाही, पुढे ‘ई’ आहे आणि ‘जी’चा ज करायचं काम तो परस्पर करून टाकतो. फ्रिजिडमध्ये (म्हणजे थंडगार) तेच काम पुढचा ‘आय’ करतो.

तुम्ही म्हणाल, मग बाईकमध्ये ‘के’ आहे म्हणून बायसिकलमध्ये कोणी ‘के’ घालतं का? नाही घालत, कारण बायसिकलमध्ये त्या जागी स ऐकू येतो आणि बाईकमध्ये क, तिथे कान सावध करतो. इथे फ्रिज आणि रे‘फ्रिज’रेटर दोन्हीकडे उच्चार तोच, कान काय कप्पाळ सांगणार. फोर आणि फोर्टीनमध्ये ‘यू’ आहे, फोर्टीमध्ये नाही, तिथेही लोक सर्रास घसरतात ते याच कारणाने.

आता लॅटिन. फ्रिगस म्हणजे थंडी, त्यात ‘डी’ नाही, कबूल, पण मग फ्रिजमधलाही काढा ना. शिवाय इंग्रजीत लॅटिनच्या नादाने काय काय झालंय बघा, कर्ज या अर्थाचा डेट हा शब्द फ्रेंचमधून ‘बी’शिवाय आला होता, नंतर विद्वानांनी लॅटिन डेबिटम बघून त्यात ‘बी’ घुसवला, तो आजवर कोणी उच्चारत नाही. आयलंडमधला ‘एस’ तर चक्क गैरसमजातून आलाय, बेट याच अर्थाच्या आइल या शब्दाशी नातं आहे असं वाटून, आणि मुळात नातं नव्हतंच! आज तो ‘एस’ कोणी गाळला की तुम्हीच लाल पेन काढाल. विद्वानांनी घुसवलं की शुद्ध आणि साध्या माणसाने घुसवलं की आळस, हे काय आपल्याला झेपत नाही.

लाल रेघेचं म्हणाल तर ती चूक दाखवते, कारण सांगत नाही, आणि कधी कधी दाखवतही नाही. ड्रॉवरच्या शेवटचे ‘ई-आर’ गाळून लोक नुसतं ‘ड्रॉ’ लिहितात, तीही घरातलीच चूक, पण ‘ड्रॉ’ हा शब्द डिक्शनरीत आहेच म्हटल्यावर रेघ बऱ्याचदा येतच नाही. तुम्हाला आळस शोधायचाच असेल तर तिथे शोधा, अक्षरं गाळलीत तिथे. अर्थात बऱ्याच इंग्रजांच्या तोंडीही तो उच्चार ‘ड्रॉ’च असतो, त्यामुळे तिथेही तुमच्या हाती फार काही लागेल असं वाटत नाही.

राहिले मार्क. कापा की, कोण नको म्हणतंय, स्पेलिंग चुकलेलंच आहे आणि ‘असंच लिहा’ असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही, हवं तर परत वाचा. फक्त कापताना बाजूला एवढं लिहा, की आखूड शब्दात ‘डी’ आहे, लांब शब्दात नाही. नुसता लाल गोल करून सोडलात ना, तर पोरगं पुढच्या पेपरात फ्रिजमधलाही ‘डी’ काढून येईल.