खुलासा: ओळीतल्या पिकांचा छोटा ट्रॅक्टर जपानने शोधला नाही

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ओळीतल्या पिकांत आंतरमशागत करणारा छोटा ट्रॅक्टर ही जपानची देणगी आहे. हे चूक आहे.

असा ट्रॅक्टर आधी अमेरिकेत आला. तिथल्या इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९२४ मध्ये ‘फार्मॉल’ बाजारात आणला. पुढची चाकं जवळजवळ, पोट जमिनीपासून उंच. त्यामुळे मका-कपाशीच्या उभ्या पिकात कोळपणी घोड्यांशिवाय होऊ लागली. लहान शेतकऱ्यासाठी १९४७ मध्ये ‘फार्मॉल कब’ आला, जेमतेम १० अश्वशक्तीचा. १९४८ चा ॲलिस-चाल्मर्स ‘जी’ तर मला सर्वांत हुशार वाटतो: इंजिन मागे, म्हणून भाजीची ओळ चालकाच्या नजरेसमोर मोकळी. जपानच्या कुबोटा कंपनीचा पहिला शेतीचा ट्रॅक्टर १९६० चा. नंतर छोटे ट्रॅक्टर जगभर पोचवण्यात जपानचा वाटा मोठा आहे, तो मान्यच.

मेसेजमधला ‘उंच ट्रॅक्टर बागेलाही चांगला’ हा सल्ला मात्र नुकसानीचा आहे. कपाशीत पोटाखालची उंची लागते. द्राक्षाच्या मांडवाखाली ट्रॅक्टरची रुंदी आणि एकूण उंची दोन्ही कमी हवीत. घेण्याआधी आपल्या दोन ओळींतलं अंतर आणि मांडवाच्या तारेची उंची मोजा, आणि ट्रॅक्टर बागेत चालवून बघा.