उपाशी ठेवून कॅन्सर मरत नाही

‘सलग तीन दिवस कडक उपवास करा. कॅन्सरची पेशी दुबळी असते, तिला ताण सोसत नाही. अन्न मिळालं नाही की ती स्वतःलाच खाऊन मरते. या शोधाला नोबेल मिळालंय!’ हा मेसेज केमो चालू असलेल्या माणसांपर्यंत पोचतो, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायलाच हवा.

आधी नोबेल. २०१६ साली ते जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना मिळालं, हे खरं. पण ते ऑटोफॅजीची (पेशीने स्वतःचेच भाग मोडून वापरण्याची) यंत्रणा उलगडल्याबद्दल, आणि त्यांचं पायाभूत काम यीस्टवरचं. उपवासाने कॅन्सर बरा होतो, असा त्याचा निष्कर्ष नाही.

‘स्वतःलाच खाऊन मरते’ ही खरी गफलत. ऑटोफॅजी म्हणजे पेशीची जगण्याची धडपड. अन्न तुटलं की ती आपलेच जुने, बिघडलेले भाग मोडून ऊर्जा आणि कच्चा माल मिळवते. निरोगी पेशीत ही साफसफाई कॅन्सरला सुरुवातीलाच आळा घालू शकते, मेसेजमधलं तथ्य एवढंच. गाठ वाढल्यावर मात्र तीच सोय गाठीच्या कामी येते. केमोने घायाळ झालेल्या पेशीही तिच्या जोरावर तगू शकतात. म्हणूनच हायड्रॉक्सीक्लोरोक्विन देऊन ऑटोफॅजी रोखण्याच्या चाचण्या रुग्णांवर झाल्या. म्हणजे मेसेजच्या अगदी उलट दिशेने!

शिवाय जेवण थांबलं तरी यकृत रक्तातली साखर सांभाळून धरतं, आणि गाठ ग्लुटामिन हे अमिनो आम्ल आणि स्निग्धाम्लं यांवरही भागवते.

आता ‘ताण सोसत नाही’. वाढत्या गाठीच्या आत ऑक्सिजन जेमतेम पोचतो. तिथल्या पेशींत एचआयएफ-१ हे प्रथिन सक्रिय होतं आणि नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणं जातं. ऑक्सिजनअभावी अशा पेशी मारायला रेडिएशनही सुमारे अडीच ते तीन पट लागतं. याला दुबळेपणा कसं म्हणायचं?

ताणाने कॅन्सरची पेशी मरूच शकत नाही, असं मात्र नाही. मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशी प्रचंड प्रमाणात प्रथिनं बनवतात, त्यामुळे आधीच ओझ्याखाली असतात. बोर्टेझोमिब त्यांची प्रथिनांचा कचरा मोडणारी यंत्रणा बंद पाडतं आणि त्या कोसळतात. हे औषध अमेरिकेत २००३ पासून मान्य आहे. तरीही पुढे अनेकांत त्याला दाद न देणाऱ्या पेशी उरतात.

केमोच्या आसपास थोडा काळ उपवास ठेवण्यावर संशोधन चालू आहे, पण देखरेखीखाली आणि केमोच्या जोडीला. घरी मनाने उपाशी राहिलेल्या रुग्णाचं वजन आणि स्नायू झपाट्याने घटू शकतात, आणि मग केमोचा डोस कमी करावा लागतो किंवा पुढची सायकल लांबते.